ज्याचे काम, त्याचा नारळ

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. अडतीस वर्षे पोलीस खात्यात काढलेल्या माणसाच्या दारात कोणी आले की त्याची नजर आधी घड्याळाकडे जाते. म्हणून वेळ पक्की आहे.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माझा थोरला चुलतभाऊ उभा होता. वय अठ्ठ्याहत्तर, गावचा मानकरी, भावकीत त्याचा शब्द शेवटचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. चहाला आला असता तर पायऱ्या चढून ओटीवर आला असता. तो खालीच थांबला.

"दहा वाजता देवळात ये," तो म्हणाला. "कौल लावायचा ठरलाय."

"कशाचा?"

"तुझ्या नातीचा. सकाळी सकाळी वेड पांघरू नको."

माझी नात बावीस वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रत्नागिरीत तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. आम्ही दोघे त्याच दुपारी निघणार होतो. हे सगळ्या गावाला ठाऊक होते. नसते तर कौल ठरला नसता.

"कोणी ठरवला?"

"भावकीनं. आणि तुझ्या झिलानं. काल संध्याकाळी मुंबईवरनं त्याचा फोन आला होता. तो म्हणतो, देव बोलला तर जाऊ दे पोरीला. थोरल्या बायच्या वेळी लावला होतास ना कौल? मं हिला काय वेगळा न्याय?"

झील म्हणजे माझा मुलगा, नातीचा बाप. थोरली बाय म्हणजे माझी मुलगी, नातीची आत्या. ती आता खेडला असते. तिचे नाव निघाल्यावर माझी मान खाली गेली. दादाला वाटले, मी मानले.

"नारळ मी घेतलाय तुझ्या नावानं," तो जाताना म्हणाला. "तू नुसता ये."

नात तेव्हा कातळावर धावत होती. तिचे आईवडील मुंबईला. दोन वर्षांपूर्वी ती तिकडची नोकरी सोडून माझ्याकडे आली, कारण आमच्या गावामागचा कातळ सपाट आणि रिकामा आहे, आणि आजोबा घड्याळ घेऊन उभे राहू शकतात. आठशे मीटरला तिला सुरुवातीला तीन मिनिटे तीस सेकंद लागत. जांभा दगडाच्या उघड्या कातळावर, पायांना ओरखडे काढणाऱ्या गवतातून धावून तिने ते दोन मिनिटे पंचावन्नवर आणले. मी तिला कधी शाबास म्हटले नाही. आकडा सांगत असे.

तिला खात्यात जायचे आहे ते कार्यालयात बसून कागद लावायला नाही. तिला गस्तीवर जायचे आहे. का, असे मी एकदाच विचारले होते. ती म्हणाली, "तुम्ही वाटेनं चालत असलात की लोक तुम्हाला थांबवून सांगतात, आबा. विचारायच्या आधी सांगतात. तसं मला हवंय." मला निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली. तरी ती म्हणाली ते खरे आहे.

मी बहुतेक नोकरी दूरक्षेत्रात काढली, म्हणजे ठाण्यापासून लांब असलेल्या चौकीत. दोन माणसे आणि बावीस गावे. वाडीत जायचे, पोलीस पाटलाच्या वहीत वेळ घालून सही करायची, पुढच्या वाडीला लागायचे. आता गाड्या आहेत. ठरलेल्या जागी भिंतीवर कोड लावलेला असतो, त्यासमोर मोबाईल धरला की गस्त झाल्याची नोंद होते. चांगली सोय आहे. मात्र कोणत्या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही, हे भिंतीवरचा कोड सांगत नाही. ते त्या घरातली बाई सांगते, आणि ती पुरुष हवालदाराला दारातून सांगते, अर्धे सांगते, नवरा घरात असेल तर काहीच सांगत नाही. मी अशा पुष्कळ दारांतून अर्धे ऐकून परत आलो आहे. त्यातल्या दोन दारांत मला पुन्हा पंचनाम्याला जावे लागले. म्हणून गस्तीवर बाई हवी की नको, या प्रश्नावर मला भावकीचे मत नको होते.

नात सात वाजता आली. घाम पुसत तिने सगळे ऐकून घेतले.

"मी येऊ देवळात?"

"नको. बॅग भर. कागदपत्रं दोनदा मोज."

"डावा पडला तर?"

"कागदपत्रं मोज."

कौल म्हणजे ग्रामदेवतेला विचारणे. गुरव अंघोळ करून गाभाऱ्यात जातो आणि पाण्यात भिजवलेले फुलांचे कळे देवीच्या पाषाणावर उजवीकडे व डावीकडे चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे प्रश्न मांडतो. मग सारे बसून वाट पाहतात. कधी पाच मिनिटे, कधी दोन तास. उजवीकडचा कळा आधी सुटला तर होकार, डावीकडचा सुटला तर नकार. लग्न, विहीर, वाटणी, आमच्या गावात अजून सारे असेच ठरते. कौल मोडलेला माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

दहाला पाच मिनिटे कमी असताना मी देवळात पोहोचलो. पंचवीस-तीस माणसे होती. बायका खांबांपलीकडे. सगळे असे वळून पाहत होते जसे आरोपीला आत आणताना पाहतात. ती नजर मला उलट्या बाजूने परिचयाची आहे.

गुरव चाळिशीचा आहे. त्याचा बाप आधी गुरव होता, त्याला जाऊन नऊ वर्षे झाली. गुरवाने तांब्यात बोटे बुडवून कळे लावले. डावीकडचा कळा त्याने एकदा लावला, काढला, पुन्हा भिजवून लावला. दादाने हात जोडले.

"हे आई, तुझं लेकरू पोलिसात जायचं म्हणतंय. बाईमाणसाच्या जातीनं रस्त्यारस्त्यानं गस्त घालत फिरावं की न फिरावं, तुझा काय हुकूम असेल तो उजवा-डावा करून दे, आई."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"थांब," मी म्हणालो.

गाऱ्हाणे घातल्यावर मध्ये बोलायचे नसते. 

"आईला प्रश्न विचारण्याआधी मला गावाला एक सांगायचं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी याच जागी माझ्या मुलीसाठी कौल लावला होता. तिलाही पोलिसात जायचं होतं. डावा पडला. ती गेली नाही. तो कौल देवीनं दिला नव्हता. तो मी पाडला."

मग मी पुढे सांगितले. ते इथेही तेवढ्याच शब्दांत लिहितो. मुलगी वीस वर्षांची होती. मैदानी चाचणीचे पत्र हातात आले होते. मी तिला नाही म्हणू शकत नव्हतो, कारण ती वकिलासारखी प्रश्न विचारत असे आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. भावकी काय म्हणेल, स्थळे येतील की नाही, खात्यातले सहकारी पाठीमागे काय बोलतील, एवढेच होते. ते तिच्यासमोर मांडण्याची लाज वाटत होती. म्हणून मी म्हटले, देवीला विचारू. आदल्या संध्याकाळी मी वर्दीतच तेव्हाच्या गुरवाच्या, म्हणजे आताच्या गुरवाच्या बापाच्या, घरी गेलो. त्याच्या परसात काजूची दारू गाळली जात असे आणि ते मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक होते. मी दारूचा शब्द काढला नाही. एवढेच म्हणालो, "उद्या डावीकडचा कळा कोरडा लावायचा." कोरडा कळा टिकत नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत पडला. मुलीने देवीला नमस्कार केला आणि घरी येऊन पत्र ट्रंकेत ठेवले. देवाचा शब्द म्हणून ती माझ्याशी वाद घालायला आली नाही. मला तेच हवे होते.

"म्हणजे देवीचा कौल खोटा?" मागून कोणीतरी ओरडले.

"मी खोटा. देवीला त्या दिवशी कोणी विचारलंच नाही."

दादाचा चेहरा काळवंडला होता. पण तो सहजासहजी हरणारा माणूस नाही. त्याने चांगला मुद्दा काढला.

"बरं झालं बोललास. मं आज खरा कौल होऊन जाऊ दे. आज कोण कोरडा लावत नाय. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

माना डोलल्या. मुद्दा बिनतोड होता. मी जे खरे होते ते बोललो.

"नाही. विचारलं तर ऐकावं लागेल. मला ऐकायचं नाही, म्हणून मी विचारणार नाही. एकदा देवीच्या तोंडी माझा शब्द घातला. आता माझा शब्द मीच बोलतो. पोरगी जाणार."

"तू नको विचारू. आमी विचारतो."

"विचार की. उत्तर तुझ्या घरातल्या पोरीला लागू कर."

"दादांच्या घरात पोरगी हायच कुठं," खांबामागून एक म्हातारी म्हणाली, "सगळे झीलच! त्यांस्नी पोलीस धरून नेतील तेव्हा कौल लावा."

बायका हसल्या. दोन पुरुषही हसले आणि लगेच खोकले. दादाने तिकडे पाहिले नाही. त्याने पिशवीतून नारळ काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"गुरवा, नारळ ठेवलाय. कळे लावलेत. चालू दे."

गुरव गाभाऱ्यातच बसून होता. त्याच्या बापाचे नाव मी नुकतेच सगळ्या गावासमोर घेतले होते. तो माझ्या बाजूने बोलेल, असे मला वाटण्याचे काही कारण नव्हते, आणि तो माझ्या बाजूने बोललाही नाही. तो रीत बोलला.

"नारळ कोणाच्या कामाचा?"

"ह्याच्या नातीच्या."

"मं तो त्यांनी ठेवायचा. ज्याचं काम त्याचा नारळ. दुसऱ्याच्या नारळावर मी कळे ठेवत नाय. बाबांनी पण कधी ठेवले नाय."

त्याने दोन्ही कळे हाताने काढून तांब्यात टाकले आणि हात धुतले. दादाने माझ्याकडे पाहिले. नारळ माझ्यापासून चार पावलांवर होता. मी हात पाठीमागे घेतले आणि तसाच उभा राहिलो.

"ठीक हाय," दादा म्हणाला. "शिमग्याला पालखी तुझ्या खळ्यात यायची नाय. तुझ्याकडं कोण येणार नाय, तू कोणाकडं जायचं नाय."

"वाळीत टाकायला आता कायदा आडवा आहे, दादा. मी रिटायर झालो, कायदा झालेला नाही."

मी चपला घालून घरी आलो. अकरा वाजले होते. भात आणि कुळथाचे पिठले करून ठेवले होते, ते जेवलो. देवळातली बातमी माझ्या आधी घरी पोहोचलेली होती, हे नातीच्या चेहऱ्यावरून कळले. जेवून ती पुन्हा कागदपत्रे मोजायला बसली. 

गावातली दुपारची एसटी काही महिन्यांपासून बंद आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा फाटा सहा किलोमीटर. तिथून राजापूरहून येणारी रत्नागिरीची गाडी चार वाजून चाळीस मिनिटांनी मिळते. त्यासाठी भावकीतल्याच एकाची रिक्षा मी तीन वाजताची सांगून ठेवली होती. तीन वाजले, सव्वातीन वाजले. फोन केला.

"काका, गॅस संपला हो. राजापूरला जायला लागेल भरायला."

"सकाळी भरलास ना?"

"सकाळचा... तो पण संपला."

त्याच्या घरावरून गेलो तेव्हा रिक्षा माडाखाली उभी होती. वर ताडपत्री घातलेली. भर उन्हाळी दुपारी रिक्षाला ताडपत्री घालणारा माणूस खोटे बोलायला अजून शिकायचा आहे. मी त्याला हाक मारली नाही.

नात बॅग घेऊन रस्त्यावर आली होती. "चालूया ना, आबा. सहाच किलोमीटर."

"नाही. उद्याचे पाय आज वापरायचे नाहीत."

"मग?"

"थांबू. कोणीतरी येईल."

रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, आम्ही बसलो. दोन मोटारसायकली गेल्या. एकाने मान फिरवली, दुसऱ्याने गाडीचा वेग वाढवला. नात समोरच्या आंब्याच्या मोहोराकडे पाहत म्हणाली,

"आत्याच्या वेळी तुम्ही खरंच असं केलंत?"

"हो."

"का?"

"भीती."

"कोणाची? आत्याची?"

"लोकांची."

"आणि आत्याला अजून माहीत नाही."

"नाही."

ती उठली. माझ्यासमोर उभी राहिली. उन्हामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू येत होता.

"तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत, आबा. ज्या माणसाला सांगायचं त्याला सोडून. आज तुम्ही आत्याला फोन करायचा. तुम्ही. मी नाही करणार. तुम्ही सांगितल्याशिवाय मी उद्या मैदानावर उतरणार नाही."

"दोन वर्षांची मेहनत आहे."

"माझी आहे. मला माहितेय किती आहे."

मी तिला ओळखतो. ती उतरली नसती. देवळात पंचवीस-तीस माणसांसमोर उभे राहणे मला तितके जड गेले नव्हते जितके तिचे ते एक वाक्य गेले. मी हो म्हणालो. वेळ मागून घेतली नाही.

पावणेचारला तिसरी मोटारसायकल आली. गुरवाची होती. त्याने गाडी थांबवली, पण खाली उतरला नाही.

"माझ्या बापाचं नाव काढलंत तुमी देवळात."

"तुझ्या बापाचं नाही. माझं काढलं."

"दारूचं बोललात ते खरं हाय?"

"खरं."

तो हँडलवरच्या आरशाकडे पाहत बोलला. "बाबा डावीकडचा कळा दोनदा ओला करायचे. मरेस्तवर. मी विचारलं तर सांगायचे, हात थरथरतो म्हणून पक्का बसत नाय. मला पण तशीच सवय लागली. मी बी दोनदाच ओला करतो. कशाला, ते आज कळलं."

 एका माणसाने माझ्या एका वाक्यापायी उरलेले आयुष्यभर एक कळा दोनदा भिजवला, ही गोष्ट मी कुठल्याच वहीत लिहू शकत नाही. इथे लिहिली.

"तुमच्यासाठी आलो नाय," गुरव म्हणाला. "बस गो बाय मागं. फाट्यावर सोडतो."

"गावात तुला बोलतील," मी म्हणालो.

"बोलू दे. गुरव बदलायचा तर त्यांना कौल लावायला लागेल. तो कोण लावणार?"

नात बसली. तिने बॅग मांडीवर घेतली. मी चालू लागलो.

सहा किलोमीटर मी पन्नास मिनिटांत करत असे, तेव्हा खांद्यावर रायफल असायची. आता खांदा मोकळा होता आणि वय चौऱ्याहत्तर. गस्तीची चाल घाईची नसते. घाईने चालणाऱ्या माणसाला कोणी काही सांगत नाही आणि त्याला काही दिसतही नाही. पण त्या दुपारी माझ्याकडे बावन्न मिनिटे होती आणि मला कोणी काही सांगायला येणार नव्हते. काजूच्या बागांमधून काम करणारी माणसे मला पाहून खाली वाकत. मी त्यांना नावाने हाक मारून नमस्कार केला, एकेकाला, मोठ्याने. वाळीत टाकायचे असेल तर त्यांनी टाकावे. मी कोणाला टाकलेले नाही. एकाने चुकून उलट नमस्कार केला आणि मग आजूबाजूला पाहिले.

अर्ध्या वाटेवर गुरव परत येताना भेटला. "बसा, काका. गाडी चुकेल."

"नको."

"हट्ट कशाला?"

"माझे पाय उद्या लागणार नाहीत."

तो गाडी वळवून, पहिल्या गिअरमध्ये ठेवून थोडा वेळ माझ्या बाजूने चालवत राहिला. मग गावाकडे वळला.

फाट्यावर पोहोचलो तेव्हा चार वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती. गाडी चार मिनिटे उशिरा आली. नातीने खिडकीची जागा मला दिली. मी घेतली. लांज्यापर्यंत मला बोलण्याइतका दम नव्हता.

गाडीत मुलाचा फोन आला. दादाने त्याला सगळे कळवले होते.

"बाबा, काय चाललंय तुमचं? कौल मोडलात तुम्ही?"

"लावलाच नाही. मोडणार कसा?"

"मला विचारायचं तरी."

"तू देवीला विचारायला सांगितलंस. मुलीला विचारलंस का?"

 त्याच्या बाजूने लोकांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाला, "तिला म्हणावं, पोटभर खाऊन धावू नको." आणि फोन ठेवला. त्याने होकार दिला, असे मी मानत नाही. त्याने अडवणे सोडले, एवढे खरे.

रत्नागिरीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे घर मैदानापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. तो खात्यात गाडी चालवत असे. पावणेसातला आम्ही पोहोचलो. त्याच्या पत्नीने पेजेचा भात, पापड आणि लोणचे दिले. सहकाऱ्याने नातीला मैदानाची रचना समजावून सांगितली: माती कुठे मऊ आहे, वळणावर आतली बाजू कशी धरायची, गोळाफेकीला रांग कुठे लागते. ती ऐकत होती, पण मधूनमधून माझ्याकडे पाहत होती.

साडेसातला मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो. नात दारात उभी राहिली. मी तिला आत जा म्हणालो नाही.

मुलीने दुसऱ्या रिंगला उचलला. "बोला, बाबा. पोहोचलात?"

मी सांगितले. देवळात सांगितले तेवढ्याच शब्दांत. वर्दी, गुरवाचे घर, कोरडा कळा. कारण सांगितले नाही, ते तिला कळण्यासारखे होते. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. क्षमा मागत नाही. मागण्याचा हक्क नाही."

 फोन चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी तो कानापासून दूर धरला. चालू होता.

"तुमच्याशी मला आत्ता बोलायचं नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा होता, म्हणून अधिक लागला. "तिला द्या फोन."

मी फोन दिला आणि अंगणातल्या दगडावर बसलो. आत्या-भाची वीस मिनिटे बोलल्या. मला नातीचेच शब्द ऐकू येत होते. "हो." "हो, दुसरा राउंड." "नाही गं, श्वास नाकानं घेते." "तू किती वेळात धावायचीस तेव्हा?" आणि मग, थोड्या वेळाने, "बापरे." ती हसली. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिली आणि बोटाने डोळा पुसला.

फोन ठेवून ती माझ्यापाशी आली.

"आत्या मध्यरात्रीच्या गाडीनं येतेय, पहाटे मैदानावर पोहोचेल. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी, हे तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय."

"बरं."

"आणि विचारत होती, बूट कुठले घालणार. मी म्हटलं, नवे, मागच्या आठवड्यात राजापूरला घेतले ते. खूप ओरडली. नवे बूट टाच सोलतात म्हणाली. सरावाचे जुनेच घालायचे."

"जुने आणलेस?"

"बॅगेत आहेत. पण डाव्याची शिवण उसवलीय."

"उतरणार ना मैदानावर?"

"उतरणार."

तिला मी झोपायला पाठवले. सहकाऱ्याच्या पत्नीकडून जाड सुई आणि दोरा मागून घेतला. दोऱ्याला मेण लावले. डाव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूची शिवण करंगळीपासून टाचेपर्यंत दुहेरी घातली, आतून बोट फिरवून गाठ टोचत नाही ना ते पाहिले, आणि दोरा तोडला.